औदुंबराकडे कोण बघतंय?

पटकथा लिहिणाऱ्यांची पत्रं या महिन्यात कमी आली. मे महिना आहे, सोलापुरात दुपारी बारा ते पाच माणूस पंख्याखाली पडून राहतो, लिहीत बसत नाही. पण एक पत्र आलं ते 40 पानांच्या बाडासकट. त्याच्यातच माझा सगळा आठवडा गेला, म्हणून बाकीच्यांची उत्तरं आखूड आहेत. रागावू नका.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी अशोक चौकाजवळ राहतो, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा) आहे. आमच्या घरी तेलुगू, शाळा मात्र मराठी. शाळेत शिकलेली बालकवींची 'औदुंबर' कविता डोक्यातून जात नाही. तिच्यावर मनोवैज्ञानिक चित्रपटाची पटकथा लिहितोय. गोष्ट अशी : माधव, वय 30, पुण्यात आयटीत. त्याला स्वप्नात सारखा काळा डोह दिसतो. मानसोपचारतज्ज्ञ मॅडम त्याला संमोहनाखाली नेतात आणि तो अख्खी कविता म्हणतो. मग फ्लॅशबॅक. लहानपणी त्याची बहीण डोहात बुडाली होती, ते तो विसरलेला असतो. औदुंबर म्हणजे त्याची आई. शेवटी माधव रेल्वे रुळाकडे चालत जातो, कारण बालकवीही रेल्वेखाली गेले. पैसे लावणारा मित्र म्हणतो, डोहात भूत टाक, तरच चालेल. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत : मांडणी बरोबर आहे का, भूत टाकू का, आणि सोलापुरात एवढी हिरवळ कुठं मिळेल?

ता. क. : लिहायला वेळ पुरत नाही. नायना (वडील) 35 वर्षं माग चालवून आता घरी असतात. रोज संध्याकाळी सायकलवर कंबर तलावाला जाऊन बसतात. अंधार पडला तरी येत नाहीत, मग मला आणायला जावं लागतं. काय करत होता विचारलं तर म्हणतात, 'ऊरिके'. म्हणजे उगाच.

उत्तर : तुमची पटकथा दोनदा वाचली. ता. क. चार वेळा. त्याच्याकडे येतेच, पण आधी कविता समोर घेऊ. ज्यांची शाळा सुटून फार वर्षं झाली त्यांच्यासाठी पूर्ण देते :

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातून.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

संपली. आठ ओळी. तुमचा माधव, त्याची बहीण, आई, डॉक्टरीणबाई यांतलं कुणीही इथं नाही. यात तुमचा दोष नाही. कवितेत गोष्टच नसेल तर पटकथा लिहिणाऱ्याला ती कुठून तरी आणावीच लागते. माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही आणलेली गोष्ट कवितेतून उगवलेली नाही. माधवला डोहाऐवजी विहीर दिसली असती, कविता दुसऱ्या कुणाची असती, तरी तुमचं एक पान बदलावं लागलं नसतं. मी पटकथेतून कविता काढून टाकून बघते. काहीच ढासळलं नाही, तर कविता तिथं खांब नव्हती, तोरण होती.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. 20-22 वर्षांपूर्वी मी बालकवींच्याच 'पारवा'वर एकांकिका लिहिली होती. 'भिंत खचली कलथून खांब गेला, जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाळा' ही ती कविता. मी धर्मशाळा उभी केली, तिच्यात एक म्हातारी बसवली, तिला हरवलेला मुलगा दिला आणि शेवटी निळ्या प्रकाशात तिच्या तोंडून अख्खी कविता म्हणवली. स्पर्धेत टाळ्या बऱ्या पडल्या, कारण कविता सगळ्यांना पाठ होती. आत सामान आवरताना मेकअपवाले मामा म्हणाले, "बाई, पारवा ऐकू आला. दिसला न्हाई." मामा सातवी शिकलेले. परीक्षकांच्या तीन पानी शेऱ्यात हे वाक्य नव्हतं.

तुमचा संमोहनाचा प्रसंग म्हणजे माझा तो निळा प्रकाश. काढा.

आता मनाचं बघू. तुम्हाला मन हवंय म्हणून तुम्ही मनोरुग्ण शोधलात. पण या कवितेत मन आहेच, फक्त ते पात्र होऊन येत नाही, नजर होऊन येतं. आठ ओळींत 'मी' एकदाही नाही, तरी कुणीतरी बघतंय. कुठून बघतंय? त्याला दोन्ही काठ एकदम दिसतात, म्हणजे तो यातल्या कुठल्याच काठावर नाही. गाव 'पैल टेकडीकडे' आहे, चिमुकलं आहे, चारच घरांचं आहे, म्हणजे तो गावात नाही, चांगला लांब आहे. पुढं बघा, कवितेत माणूस एकही नाही, आणि 'गर्दी' हा शब्द आलाय तो शेतमळ्यांसाठी. ज्याला माणसांची गर्दी नको झालीय त्यालाच शेतांची गर्दी दिसत असेल, किंवा जो फार एकटा आहे त्याला. मला ठरवता आलेलं नाही. तुम्ही ठरवा. चित्रपट तिथूनच फुटेल.

आणि क्रियापदं बघा. झरा वाहतो, गर्दी लागते, काळिमा पसरतो. चालते फक्त पायवाट. आधी ती 'अडवीतिडवी पडे', जणू कुणी भिरकावून दिलीय, आणि मग उठून चालायला लागते, तीही डोहाकडे. ती गावाकडे परत जात नाही. शेवटी कुणीतरी बसलेलं सापडतं, तर ते झाड. नजर लांबून जवळ, उजेडातून सावलीत, हिरव्यातून काळ्यात येते आणि दोन पायांपाशी थांबते. कॅमेरा कसा सरकवायचा हे बालकवींनी इतकं सांगून ठेवलंय, आणि तुम्ही सुरुवातीलाच माधवच्या घामेजल्या चेहऱ्याचा क्लोजअप मारलाय.

'असला' या शब्दावर मी एक पूर्ण दुपार घालवली. 'असला आंबा खाल्लायस का कधी?' असं आपण कुणाला तरी म्हणतो. एकट्यानं बघताना 'असला' तोंडात येत नाही, दाखवताना येतो. म्हणजे बघणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी आहे, ज्याला तो बोट करून दाखवतोय. दुसरं वाचन 'बसला असला' एका दमात वाचण्याचं. तिथं बसलेला असावा, असा अंदाज, म्हणजे तो अजून तिथं पोचलेला नाही. दोन्ही वाचनांतून प्रसंग निघतात. पहिल्यातून दोन माणसांचा चित्रपट निघतो, दुसऱ्यातून एकट्याचा. मी पहिला निवडला असता, पण पटकथा तुमची आहे.

भुताचं आता एका शब्दात मिटतं. तो शब्द 'गोड'. बालकवींनी काळिमा 'गोड' म्हटलाय. भुताच्या चित्रपटात नुसता काळिमा असतो. डोहाची भीती वाटते म्हणून माणूस पळाला, तर त्यात मनाचं काही नाही, कुत्रंही पळतं. डोह काळा आहे हे दिसत असूनही तिथं जाऊन बसावंसं वाटतं, बरं वाटतं, आणि बरं का वाटतं ते सांगता येत नाही, हे खरं मनाचं प्रकरण. मित्राला सांगा, भूत टाकलं तर 'गोड' जातो, आणि 'गोड' गेला तर ही कविता घ्यायचं कारणच उरत नाही. तो ऐकणार नाही. पैसेवाले मित्र ऐकत नसतात. पण सांगून ठेवा.

बुडालेली बहीणही याच कारणानं नको. याच कवीच्या या ओळी तुम्हाला ठाऊक असतील : 'कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला'. 'आनंदी आनंद गडे' लिहिणाराच म्हणतोय, कळेना. आणि तुमच्या डॉक्टरीणबाईंना 31व्या पानावर सगळं कळतं! एक अपघात, एक विसर, एक आठवण, रडणं, मोकळं होणं. गणित सुटलं. चित्रपटात हे गणित इतक्या वेळा सुटलंय की डॉक्टरनं 'लहानपणी काही झालं होतं का?' विचारलं की प्रेक्षक चहाला उठतो. 'कळेना' शेवटपर्यंत टिकवलंत तर जिंकलात.

रेल्वेचं जरा कठोरपणे सांगते. बालकवींचा मृत्यू 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वे अपघातात झाला. वय अवघं 27. ही हळहळ लावणारी गोष्ट आहे, पण ती कवितेच्या बाहेरची आहे. 'औदुंबर' लिहिणाऱ्याला आपला शेवट ठाऊक नव्हता. कवीचा मृत्यू मागं नेऊन त्याच्या कवितेत पेरायचा आणि मग कविताच भविष्य सांगत होती असं भासवायचं, हा शेवट हुकमी असतो, पण उधारीचा. शिवाय तुमच्या माधवनं रुळाकडे जावं असं त्याच्या आयुष्यात काही घडलेलं मला 40 पानांत सापडलं नाही. तो जातोय कारण बालकवी गेले. असं कुणी जात नाही.

झाडाबद्दल एक सावधगिरी, जी पुण्या-मुंबईचा सल्लागार तुम्हाला देणार नाही. आपल्या एका अंगाला अक्कलकोट, पलीकडं गाणगापूर, आणि सांगलीकडं कृष्णेकाठी औदुंबर नावाचं दत्ताचं क्षेत्रच. आपल्याकडं पडद्यावर पार बांधलेला औदुंबर दिसला की निम्मं थिएटर मनात हात जोडतं. त्या क्षणी तुमचं झाड दत्तगुरूंचं झालं. मग ते आई होऊ शकत नाही, बाप नाही, वैरागी नाही. समीक्षकांनी या झाडात काय काय पाहिलं, कुणी निव्वळ निसर्ग, कुणी विरक्त योगी, कुणी मृत्यू. ते सगळं चालू शकतं, कारण कवितेत पार नाही, पादुका नाहीत. म्हणून पूर्ण झाड दाखवूच नका. मुळं दाखवा, पाण्यातलं प्रतिबिंब दाखवा, गळून पडलेली उंबरं दाखवा. आणि संवादात 'उंबर' म्हणा. 'औदुंबर' म्हटलं की घंटा वाजते.

आता हिरवळ. सोलापुरात ती नाही आणि तुम्ही शोधू नका. बालकवी धरणगावचे, त्यांची हिरवळ खानदेशातली. आपल्याकडं मे महिन्यात पारा 43-44 वर, नळाला पाणी चार-चार दिवसांनी. पण अशा गावात पाण्याकडं बघणं केवढं जड होतं! भरल्या मुलखातला माणूस झरा सहज बघतो, सोलापूरकर सहज बघू शकत नाही. हे तुमच्या बाजूचं आहे. आणि रंग म्हणाल, तर निळासावळा, हिरवा, पांढरा, काळा हे सगळे तुमच्या कारखान्यात सुताच्या कोनांवर रचून ठेवलेले असतात. हिरवी गर्दी ताण्यातही, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतही, दिसते. बघा तर.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही जॉबर आहात म्हणून तुम्हालाच सांगते. या कवितेत आवाज नाही. परत वाचा. झरा आहे पण खळखळ नाही, शेतं आहेत पण पाखरू ओरडत नाही, लाटा आहेत पण त्या किनाऱ्याला लागल्याचं ऐकू येत नाही. ही आठ ओळींची पूर्ण शांतता आहे. आणि तुम्ही? दोन डझन मागांची खटखट. तिथं माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, हातवारे करतात, आणि पाळी सुटली तरी कानात घूं चालूच राहतं. असा माणूस पाण्यापाशी गेला तर त्याला जग कसं दिसेल? आवाज काढून टाकलेलं. जशी ही कविता.

आवाज न वापरता मनातला आवाज दाखवता येतो, हे फार जुनं आहे. अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथनं 1914 साली एडगर ॲलन पो या लेखकाची 'ॲनाबेल ली' ही कविता आणि त्याचीच एक खूनकथा एकत्र करून 'द अव्हेंजिंग कॉन्शन्स' नावाचा मूकपट केला. खुन्याच्या कानात मेलेल्याचं काळीज ठोके देतंय, पण मूकपटात ठोका ऐकवणार कसा? त्यानं घड्याळाचा लंबक दाखवला, चौकशी करणाऱ्याची टेबलावर आपटणारी पेन्सिल दाखवली, आपटणारा पाय दाखवला. ऐकू येतं! तुमच्याकडं तर मागावर सूत घेऊन धावणारा धोटाच आहे, इकडून तिकडं, इकडून तिकडं.

आता ता. क. तुमच्या लक्षात आलंच असेल मी कुठं चाललेय. 35 वर्षं माग चालवलेला माणूस रोज संध्याकाळी सायकलवर गाव ओलांडून पाण्याकडं जातो. अंधार पसरेपर्यंत बसतो. का, तर ऊरिके. मुलगा मागून शोधत येतो, त्याला लांबून आधी पाणी दिसतं, मग काठ, मग वाट, मग बसलेला बाप. पाय टाकुनी जळांत. तुमची 'औदुंबर' ही आहे, आणि तुम्ही ती 'वेळ पुरत नाही' या तक्रारीत ढकलून दिलीत.

माधव पुण्यातच राहू द्या. पहिली पाच पानं अशी लिहून बघा : मागाचं खातं, प्रचंड आवाज, कुणीच बोलत नाही. मुलगा बाहेर येतो, आवाज तुटतो. कंबर तलाव लांबून, जलपर्णीचं हिरवं, मधेच काळं पाणी. बाप दिसत नाही. मुलगा चालतो. एकही संवाद नको, कवितेची एकही ओळ नको. 'ऊरिके' हा पहिला शब्द पाचव्या पानावर येऊ द्या, आणि त्याचं मराठी करू नका. जो मुलगा शाळेत मराठीत 'असला औदुंबर' शिकला, त्याचा बाप त्याला तेलुगूत 'उगाच' म्हणतो, या दोन शब्दांच्या मधे तुमचा चित्रपट आहे. शेवट आत्ता लिहू नका. एका संध्याकाळी आणायला म्हणून जाऊ नका, बसायला म्हणून जा. वही घरी ठेवा.

पटकथेबाहेरचं एक : नायनांचे कान तपासून घ्या. आणि अंधार पडेपर्यंत बसण्यात निवांतपणा आहे की जीव खाणारं काही, हे आधी मुलगा म्हणून बघा. काही वेगळं वाटलं तर डॉक्टर गाठा. लेखक थांबेल.

प्रश्न : जुन्या कवितेवर चित्रपट करायला परवानगी कुणाची घ्यायची? कवी तर हयात नसतो. (बार्शी)

उत्तर : कवी नसला तरी हक्क असतो. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क त्याच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून मोजून 60 वर्षं टिकतो. केशवसुत 1905 साली गेले, बालकवी 1918 साली, त्यांच्या कविता केव्हाच मोकळ्या आहेत. मर्ढेकर 1956 साली गेले, म्हणजे 2017 सालापासून मोकळे. कुसुमाग्रज 1999 साली गेले, तेव्हा 2059 सालच्या अखेरीपर्यंत वारसांना किंवा ज्यांच्याकडं हक्क आहेत त्यांना विचारणं भाग आहे, आणि ते लेखी. निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या कवितेची मुदत प्रसिद्धीपासून मोजतात, तिथं फसू नका. आणि कविता मोकळी असली तरी तिला लावलेली चाल आणि गाण्याची ध्वनिमुद्रिका मोकळी नसते. लोक तिथंच अडकतात. पटकथा स्वतःची झाली की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं नोंदवून ठेवा, मगच कुणाला ऐकवा. मी एकदा आधी ऐकवली होती. जाऊ द्या.

प्रश्न : माझी पटकथा हातानं लिहून 130 पानं झाली. एक पान म्हणजे एक मिनिट म्हणतात. मग चित्रपट दोन तास दहा मिनिटांचा होईल का? (जुळे सोलापूर)

उत्तर : तो हिशेब ठरावीक मांडणीत टाइप केलेल्या पानाचा आहे. तुमच्या अक्षराच्या पानाला लावू नका. तुमचं अक्षर मोठं आहे, र्‍हस्वदीर्घही मोठ्या मनानं दिलेत. मोबाईलवर घड्याळ लावा आणि मोठ्यानं वाचा, जिथं कुणी नुसतं चालतंय तिथं स्वतः उठून तेवढं चाला. मी गच्चीवर करते. पहिल्या वेळी शेजारच्या वहिनी धावत आल्या, बाईंच्या घरात भांडण पेटलंय म्हणून. आता त्या खालूनच ओरडून विचारतात, किती मिनिटं झाली?